बारावीचे ५८ टक्के आणि माझी चूक

सर, नमस्कार.

'केटी लागली तरी एमबीए होतं' (केटी म्हणजे पदवीला विषय राहणं) या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही निवृत्त शिक्षक आहात, मुलीला बारावीला ५८ टक्के आहेत, ती आता बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझा लेख वाचून तिनं कॅटच्या, म्हणजे आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासचे पैसे भरले. तुम्ही विचारलंत, "आयआयएमवाले दहावी-बारावी बघतात हे का लपवलंत?"

लपवलं नाही, पण लिहिलंही नाही, आणि तिच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. चूक माझी. मी आयआयएमला गेलोच नाही, त्यामुळे तिथला हिशेब मला कधी टोचला नाही.

तो हिशेब असा आहे. अहमदाबादच्या आयआयएमला कॅटच्या जोडीला दहावी, बारावी, पदवी आणि नोकरीचा अनुभव यांचे गुण धरतात. बंगळूरलाही दहावी-बारावीला वजन आहे. कॅट दरवर्षी नव्यानं देता येते, बारावी नाही. तेव्हा ९९ पर्सेंटाइल पडले, म्हणजे शंभरातल्या ९९ जणांना मागे टाकलं, तरी ५८ टक्क्यांवर या दोन ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं येईलच असं नाही. हे तिला आजच सांगा. क्लासवाला सांगणार नाही.

पण तुम्ही पुढे लिहिलंत की "मग एमबीएचा नाद सोडलेला बरा." इथे मी तुमच्याशी भांडणार. आपल्याच राज्यात एमबीएची सीईटी ही प्रवेशपरीक्षा आहे. मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅमची सिमस्री, पुणे विद्यापीठाचं पुम्बा या एमबीए संस्थांतल्या कॅपच्या (राज्याच्या एकत्रित प्रवेशफेरीच्या) जागांसाठी यादी प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर लागते. पदवीला ५० टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ४५. बारावीचे ५८ त्या यादीत तिला मागे खेचत नाहीत. मी दिली तेव्हा २०० प्रश्न आणि १५० मिनिटं होती, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद, आणि उणे गुण नाहीत. हा सगळा हात बसण्याचा खेळ आहे. सोपा मात्र समजू नका, खुल्या गटातून बजाजला ९९.९च्या पुढेच लागतात. कॅटचा बराचसा अभ्यास इथे चालतो, त्यामुळे क्लासचे पैसे अगदीच पाण्यात गेले असं नाही.

दुसरी वाट लांबची. आधी नोकरी, मग जीमॅट ही आंतरराष्ट्रीय प्रवेशपरीक्षा, मग हैदराबादच्या आयएसबीसारखी बिझनेस स्कूल. जीमॅटचे गुण पाच वर्षं चालतात. तिथेही मार्कशीट मागतात, पण मधल्या वर्षांत तुम्ही काय केलंत हे विचारायला त्यांच्याकडे जागा असते.

आता तुमचं ते वाक्य: "पाया कच्चा तो कच्चाच." सर, मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात उडालो. एका खासगी संस्थेच्या मुलाखतीत त्याचं कारण विचारलं, तर मी म्हणालो, पेपर फार कडक तपासला होता. समोरच्या बाईंनी मार्कशीट उलटवली आणि विचारलं, "दोन्ही वेळा?" संपली मुलाखत. पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेत तोच प्रश्न आला. सांगून टाकलं की हॉस्टेलला रात्र रात्र कॅरम खेळायचो. मग चाकणच्या कारखान्यात दोन वर्षं रिजेक्शनचे, म्हणजे नापास मालाचे तक्ते कसे भरले ते सांगितलं. त्यावर एका सरांनी कागद पुढे सरकवला, "लॅप्लास ट्रान्सफॉर्मची व्याख्या लिहा." एम-थ्रीतलीच ती, मी महिनाभर घोटली होती, कारण हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. लिहिली.

तुमच्या मुलीला बीकॉमचं अर्ध वर्ष आणि सबंध तिसरं वर्ष अजून शिल्लक आहे. बारावीनंतर चढत गेलेले गुण मुलाखतीत दाखवता येतात. एखादा विषय राहिलाच, तर तोच आधी पक्का करायला सांगा.

आणि कर्ज. कुठल्याही कॉलेजचं 'हायेस्ट पॅकेज' ऐकून सही करू नका. मधला पगार विचारा, म्हणजे बॅचमधल्या बरोबर मधल्या पोराला किती मिळाले ते. सांगायला टाळाटाळ केली तर समजा.

लेखात आज दुरुस्ती केली आहे. अहमदाबाद-बंगळूरचा परिच्छेद वर घातलाय. आणि लेखात मी स्वतःबद्दल "एक केटी" असं लिहिलं होतं, तेही बदललं. खरं तर एकाच विषयाच्या दोन केट्या, आणि बाकीचे विषय धरून एक अख्खं वर्ष गेलं.