शत्रूचे दलाल म्हणं!

सकाळी शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. युद्धात जखमींना, कैद्यांना मदत करणाऱ्या संस्था म्हणजे शत्रूचे दलाल, दोन्हीकडनं खातात, तो जिनिव्हा करार, म्हणजे युद्धात जखमींना-कैद्यांना कसं वागवायचं त्याचे नियम, चुलीत घाला वगैरे. खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

अरे आपण सातारकर ना? अपशिंग्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात ते काय उगाच? आणि ज्यानं हे टाकलं त्याचा पोरगा नुकताच बेळगावला मिलिटरीच्या ट्रेनिंगला गेलाय, त्याला तरी कळायला नको?

माझे आबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४२ मध्ये, लिबियातलं टोब्रुक इंग्रजांच्या हातून जर्मन-इटालियन फौजांकडं गेलं, तीस हजारांवर माणसं एका झटक्यात कैद झाली, त्यात हे पण. घरी कोरेगावकडं वाडीवर तार आली, बेपत्ता. झालं, भावकीनं लगेच ठरवून टाकलं, कुंकू पूस. आजी तेव्हा विशीची पण नव्हती. ती सांगायची, "एकदा पुसलं असतं तर परत लावू दिलं असतं का मला कुणी?" बसली हटून. मग कित्येक महिन्यांनी रेडक्रॉसकडनं छापील कार्ड आलं, खाली आबांची सही. कैदेत आहे, बरा आहे. बाकी काही नाही. मास्तरांनी वाचून दाखवलं आणि भावकीची तोंडं बंद.

आता ते कार्ड आलं कसं हे जरा डोकं लावून बघा की. १९२९ च्या जिनिव्हा करारात होतं, कैदी कॅम्पात पोचला की आठवड्याच्या आत त्याला घरी खुशाली कळवू द्यायची. तिकडं जिनिव्हात रेडक्रॉसची माणसं बसून नावं टिपून ठेवत होती, आमच्या आबांसारख्यांची पण आणि आबा ज्यांच्यावर गोळ्या झाडत होते त्यांची पण. तुम्ही ज्याला दलाली म्हणताय ती हीच. इटलीवाल्यांना वाटलं असतं की ही माणसं इंग्रजांच्या बाजूची आहेत, तर कॅम्पाच्या दारात तरी उभं केलं असतं का? आणि मग आजीच्या कपाळाचं काय झालं असतं?

बरं, ह्या लोकांना काय कमी भोगावं लागतं काय! ३ ऑक्टोबर २०१५, अफगाणिस्तानात कुंदूझला डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स ह्या युद्धात उपचार करणाऱ्या दुसऱ्या संस्थेचं हॉस्पिटल अमेरिकेच्या विमानानं फोडलं. हॉस्पिटल नेमकं कुठंय ते आधीच कळवलेलं होतं, हल्ला चालू असताना हे फोन करून सांगत होते, तरी ४२ माणसं गेली. पेशंट, डॉक्टर, नर्स. आणि आपण इथं पोवई नाक्यावर कटिंग पीत त्यांना दलाल म्हणायचं. लाज वाटते खरंच.

हां, माहितीय, कुणीतरी म्हणणारच, हिटलर ज्यूंना मारत होता तेव्हा रेडक्रॉस गप्प बसली. बसली. १९४२ मध्येच जाहीर निषेध करायचा का यावर त्यांची बैठक झाली आणि नको असं ठरलं. त्याला माफी नाही, पुढं त्यांनी स्वतःच ते अपयश मानलंय. मोठ्या ऑफिसांचे खर्च, पांढऱ्या गाड्या, त्यावर पण बोला, मी अडवत नाही. पण चुलीत घाला?

आबा शेवटपर्यंत इंग्रजांना शिव्या घालायचे, इटालियनांना घालायचे, सरकारला तर रोजच. रेडक्रॉसला कधी नाही. आजी तर नाव पण नीट घ्यायची नाही, "त्ये लाल फुलीवाले" म्हणायची, आणि म्हणताना हात आपसूक कपाळाकडं जायचा तिचा. असो, जास्त लिहीत नाही, उगाच भरून येतं.

एकच विचारते. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, पाकिस्ताननं कैदेतल्या आपल्या पायलट नचिकेतांना सोडलं ते कुणाच्या हाती सोपवलं? रेडक्रॉसच्या. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये आपले पायलट अभिनंदन पाकिस्तानात पकडले गेले तेव्हा ह्याच ग्रुपवर, ह्याच माणसांनी, रात्रभर जिनिव्हा करार जिनिव्हा करार करून मोबाईल तापवला होता. स्क्रीनशॉट आहेत माझ्याकडं. मागेल त्याला पाठवते.