नव शापेलला गेलात तर स्मारकापाशीच थांबू नका

लंडन-पॅरिसला राहणारी मराठी मंडळी आणि युरोप फिरायला येणारे त्यांचे पाहुणे हल्ली उत्तर फ्रान्समधल्या नव शापेलच्या, पहिल्या महायुद्धात पडलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मारकाला आवर्जून जातात. जायलाच हवं. पण बहुतेकांची भेट अर्ध्या तासात आटोपते. हार, फोटो, दोन मिनिटं स्तब्धता, की गाडी पुढच्या ठिकाणाला लागते. ज्या जमिनीसाठी ही माणसं मेली ती जमीन रस्त्यापलीकडे सुरू होते आणि तिकडे कोणी पाऊल टाकत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. भिंतीवर नावं आहेत. ती माणसं तिथे का पडली, हे शेतात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

स्मारक आहे ते ला बाँब चौकात. ला बासेहून एस्तेरला जाणारा डी 947 रस्ता इथून जातो. युद्धात ब्रिटिश सैन्य या चौकाला पोर्ट आर्थर म्हणायचं. ला बासे इथून पाच-सहा किलोमीटर, बेत्यून साधारण पंधरा. शक्यतो बेत्यूनहून सायकल घ्या, कारण गाडीतून हा प्रदेश दिसतच नाही. अर्धा दिवस हाताशी हवा आणि पायात गमबूट. इथली चिकणमाती पावसानंतर बुटाला अशी धरते की वीस पावलांत पाय जड होतात. याच चिखलातून पाठीवर दारूगोळा घेऊन धावायचं होतं, हे ध्यानात ठेवून चाला. जाण्याचा योग्य काळ नोव्हेंबर ते मार्च. तेव्हा शेतं उघडी असतात आणि तिरप्या उन्हात जमिनीचे बारीक चढउतार दिसतात. जूनमध्ये गेलात तर पिकाशिवाय काही दिसणार नाही. पेरलेल्या शेतात शिरायचं नाही, बांधाने आणि पाणंदीने चालायचं.

आधी एक गैरसमज दूर करतो. इथे फ्रान्समधल्याच सोमच्या रणभूमीसारखे खोल खंदक शोधत बसू नका, ते मिळणार नाहीत. सोमला खडूची टणक जमीन आहे, खणलं की भिंत उभी राहते. नव शापेलला दोन-तीन फुटांवर पाणी लागतं. म्हणून इथे खंदक खाली कमी आणि वर जास्त होते. मातीची पोती रचून माणसाच्या उंचीचा बांध उभारायचा आणि त्याच्या आडोशाने राहायचं. युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांनी ते बांध मोडून जमीन सपाट केली. त्यामुळे इथे खड्ड्यापेक्षा पाणी, झाडी, काँक्रीट आणि रस्ते यांवरून लढाई वाचावी लागते.

चौकात उभं राहून ईशान्येला गावाकडे तोंड करा. 10 मार्च 1915 च्या सकाळी साडेसातला जर्मनांच्या ताब्यातल्या या गावावर ब्रिटिश तोफा सुरू झाल्या, पस्तीस मिनिटं चालल्या आणि 8 वाजून 5 मिनिटांनी पायदळ निघालं. 39 व्या गढवाल रायफल्सची पहिली बटालियन इथूनच, अगदी उजव्या टोकाला होती. ती निघाली आणि तिची दिशा चुकली. नको तितकी उजवीकडे वळली आणि जिथे तोफांचा मारा झालाच नव्हता, काटेरी तार जशीच्या तशी होती, त्या भागावर जाऊन आदळली. दुसऱ्या बटालियनची वाट सरळ होती, तिथे तार तुटलेली होती. याच दुसऱ्या बटालियनच्या गबर सिंग नेगींना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुस्तकात वाचताना वाटतं, दिशा कशी चुकली असेल? चौकातून पाहिलं की उत्तर मिळतं. सगळं सपाट. डोळा ठेवायला टेकडी नाही, त्यात धूर, धूळ आणि फुटणारे गोळे. शंभर पावलांत कोणाचीही दिशा बदलेल.

मग गाव ओलांडून पूर्वेला चाला. वाटेत ले नावाचा ओढा लागतो. नकाशावर त्याचा मोठा दबदबा, प्रत्यक्षात उडी मारून पार व्हावा असा. पण त्याच्या पुलापाशी जर्मन मशीनगन होत्या आणि गाव काही तासांत हाती येऊनही पुढची चाल तिथेच अडली. पलीकडची झाडी म्हणजे बुआ द्यु बिए. पहिल्या संध्याकाळी गुरखे तिच्या कडेपर्यंत पोचले होते, रात्री मागे आले. त्यामागे ओबेरचा उंचवटा. आपल्या सह्याद्रीच्या माणसाला तो उंचवटा म्हणून जाणवणारही नाही, उंची वीस मीटरसुद्धा नाही. पण त्यावर बसलेल्याला अख्खं मैदान तळहातासारखं दिसतं, एवढ्यासाठी हजारो माणसं गेली. तीन दिवसांच्या या लढाईत भारतीय कोअरचे, म्हणजे ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या भारतीय सैन्यदलाचे, सुमारे 4,200 सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

सोबत जुना नकाशा हवाच. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर युद्धकाळातले खंदकांचे नकाशे मोफत आहेत, आजच्या नकाशावर चढवून पाहता येतात. 36 क्रमांकाच्या पत्रकाचा नैर्ऋत्य भाग, रिशबूरचं पान काढा. संदर्भ असा वाचायचा: मोठ्या चौकोनाला इंग्रजी अक्षर, त्याच्या आत हजार यार्डांचे क्रमांकित चौकोन, प्रत्येकाचे ए, बी, सी, डी असे चार भाग आणि शेवटी दोन अंक. पहिला अंक पूर्वेकडे, दुसरा उत्तरेकडे, एकेक अंक पन्नास यार्डांचा. इथे लोक हमखास दोन ठिकाणी फसतात. एक, अंकांचा क्रम उलटा घेतात आणि भलत्याच शेतात जातात. दुसरं, रंग. 1918 च्या सुरुवातीपर्यंत जर्मन खंदक लाल आणि ब्रिटिश निळे, त्यानंतर बरोबर उलट. शिवाय कित्येक पानांवर गुप्ततेसाठी ब्रिटिश खंदक छापलेलेच नाहीत. म्हणून आधी पानावरची तारीख पाहा, मग रेषा.

काँक्रीटच्या खोल्या या भागात अजून दिसतात, गोठ्यामागे किंवा शेताच्या मधोमध. त्यांचा फोटो टाकून खाली ‘1915 ची लढाई’ असं लिहिणं बहुतेक वेळा चूक ठरतं. मार्च 1915 नंतर आघाडी इथे तीन वर्षं जवळपास हलली नाही, 9 एप्रिल 1918 च्या जर्मन हल्ल्यापर्यंत. काँक्रीटचं बहुतेक काम त्या मधल्या काळातलं. कोणाचं ते दारावरून ओळखा. दार नेहमी शत्रूकडे पाठ करून असतं. पूर्वेला दार असेल तर जर्मन, पश्चिमेला असेल तर ब्रिटिश बाजूचं असण्याची शक्यता जास्त. ठिकाण ताब्यात आल्यावर दुसऱ्या बाजूने नवं दार फोडत, त्यामुळे दोन दारं दिसली तर काँक्रीटची कड बघा. मूळ दाराची कड साच्यातली, गुळगुळीत असते, फोडलेल्याची ओबडधोबड.

कुंपणं न्याहाळायला विसरू नका. या प्रदेशात शेतकरी आजही युद्धातले लोखंडी खांब वापरतात. खालचं टोक बाटलीचं बूच काढायच्या पिळासारखं, वर तार ओवायला वाकवलेल्या कड्या. लाकडी खांब ठोकला की आवाजाने गोळीबार ओढवायचा. हा खांब कडीत दांडा घालून फिरवत जमिनीत उतरवायचा, रात्री, आवाज न करता. शंभर वर्षांनंतरही त्याला तार बांधलेली आहे, फक्त आता ती गुरांसाठी.

आता लोखंडाबद्दल, आणि हे ठासून सांगतो. नांगरणीनंतर बांधावर किंवा विजेच्या खांबापाशी तोफगोळे ठेवलेले दिसतील. शेतकरी ते तिथे ठेवतात, सरकारी बॉम्बनाशक पथक येऊन नेतं. हात लावायचा नाही. पायाने ढकलायचं नाही. शेजारी बसून फोटोही नको. गंज चढला म्हणजे गोळा मेला, ही समजूत जीवघेणी आहे. ओल्या मऊ जमिनीत कित्येक गोळे आपटूनही फुटले नाहीत. आत स्फोटक तसंच असतं, उलट फ्यूजमधले खिळे-स्प्रिंग कुजून तो जास्त बेभरवशाचा होतो. पिक्रिक ॲसिड हे स्फोटक भरलेल्या गोळ्यांत धातूशी संयोग होऊन अधिक नाजूक क्षार तयार होतात. काहींत विषारी वायू असतो आणि बाहेरून ते ओळखू येत नाही. कोणी बाजूला न ठेवलेला गोळा उघड्यावर दिसला तर लांब व्हा, जागा लक्षात ठेवा आणि गावच्या मेरीत (ग्रामपालिकेच्या कचेरीत) किंवा 17 वर पोलिसांना कळवा.

गोळा सोडा, गोटीएवढी शिशाची गोळीसुद्धा उचलू नका असं माझं मत आहे. अठरा पौंडी तोफेच्या एका श्रापनेल गोळ्यात अशा सुमारे 375 असायच्या, त्यामुळे ‘एक घेतली तर काय बिघडतं’ असं वाटतं. प्रीफेक्टच्या, म्हणजे तिथल्या सरकारी प्रमुखाच्या, परवानगीशिवाय जुन्या वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर चालवणं फ्रान्समध्ये गुन्हा आहे, युरोस्टारच्या आणि विमानतळाच्या तपासणीत अशा वस्तू अडवल्या जातात, ही कारणं आहेतच. खरं कारण वेगळं आहे. या शेतांत अजून माणसं सापडतात. रिशबूरजवळ 2016 मध्ये दोन सैनिकांचे अवशेष मिळाले. खांद्यावरच्या ‘39’ या धातूच्या आकड्यामुळे ते गढवाल रायफल्सचे, हे कळलं आणि नोव्हेंबर 2017 मध्ये लावांतीच्या लष्करी दफनभूमीत त्यांना लष्करी इतमामाने निरोप दिला गेला. तो आकडा एखाद्या हौशी संग्राहकाने आधीच खिशात घातला असता तर? ते दोघे कोणत्या पलटणीचे, कोणत्या देशाचे, हे कायमचं हरवलं असतं. हाड दिसलं तर तिथेच थांबा, काही हलवू नका, कळवा.

आणि हे सगळं दूरचं, गढवालचं आणि गुरख्यांचं, असं समजू नका. 28 ऑक्टोबर 1914 ला, म्हणजे मोठ्या लढाईच्या साडेचार महिने आधी, याच गावात 47 व्या शीख पलटणीबरोबर घुसल्या त्या आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या. त्यांत मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. ही माणसं पूल बांधणारी, सुरुंग लावणारी; त्यांना संगीन देऊन घराघरांत लढायला पाठवलं. गावात शिरले, गल्लीगल्ली लढले, आणि उलट हल्ल्यात मागे रेटले गेले. त्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी मेले किंवा जखमी झाले. असं कुशल दल सरळ हल्ल्यात खर्ची घालणं ही वरच्यांची घोडचूक होती, असं मला ठाम वाटतं. गावातल्या मुख्य रस्त्याने चालताना हे सांगणारे मराठी पालक मला हवे आहेत.

घरातलं किंवा गावातलं कोणी होतं का, हे निघण्याआधी पाहून ठेवा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर पलटणीच्या रकान्यात ‘सॅपर्स अँड मायनर्स’ टाकून शोधा. भारतीय सैनिकांच्या नोंदीत बऱ्याचदा वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. जिल्हा जुना टाका: रायगड नव्हे, कुलाबा. स्पेलिंग त्या काळच्या कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं आहे, म्हणून आडनावाची तीन-चार रूपं करून पाहा. नोंदीत पॅनेलचा क्रमांक मिळतो, तो लिहून घ्या, म्हणजे भिंतीपाशी शोधत बसावं लागत नाही. इथे नाव नसेल आणि माणूस 103, 110 किंवा 117 व्या मराठा पलटणीतला असेल, तर तो बहुधा मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये), कूतच्या बाजूला होता. त्याचं नाव बसऱ्याच्या स्मारकाच्या यादीत शोधा.