तुम्ही आधीच आत आहात, सर

माझं खातं या क्षणी २४ तासांसाठी गोठवलेलं आहे, त्यामुळे लिहायला सवड आहे. गोठवलं ते कुणा हॅकरमुळे नव्हे, मदतीला आलेल्या माणसानं. मूळ दुखणं अगदी किरकोळ. संगणकावर गेमचं ॲप, म्हणजे गेम जिथून सुरू करायचा ते, उघडलं, ईमेल दिला, पासवर्ड दिला, चक्र फिरलं आणि पाटी आली: 'काहीतरी चुकलं. थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा.'

ही पाटी लिहिणाऱ्याला मला एकदा भेटायचंय. काय चुकलं ते ॲपला पक्कं ठाऊक असतं. दर फसलेल्या साइन-इनमागे एक कोड असतो आणि ॲप तो तारीख-वेळेसकट स्वतःच्या लॉग फाइलमध्ये इमानेइतबारे लिहून ठेवतं. फक्त आपल्याला सांगत नाही. डॉक्टरनं रिपोर्ट वाचून खिशात घालावा आणि 'काहीतरी झालंय, पुढच्या आठवड्यात परत आजारी पडून बघा' म्हणावं, तसं.

तर तो कोड खणून काढायचा. विंडोजवर विंडोज की आणि आर एकत्र दाबायचं, चौकटीत %लोकलॲपडेटा% (इंग्रजी अक्षरांत, सलग) टाकायचं, ॲपच्या नावाचा फोल्डर उघडायचा, त्यात बहुधा 'लॉग्ज' असतो. तिथली सगळ्यांत ताजी फाइल नोटपॅडमध्ये उघडून खालून वर 'एरर' शोधत यायचं. वरून खाली शोधू नये, कारण वरचे निम्मे एरर ॲप धडधाकट असतानाही येतच असतात.

माझ्या फाइलमध्ये निघाला ०एक्स८००७२एफ८एफ. मोटारीच्या चासी नंबरसारखा दिसला तरी वाचता येतो. सुरुवातीचं ८००७ सांगतं की हा विंडोजचाच जुना एरर आहे, नव्या वेष्टनात. खरा ऐवज शेवटच्या चार अक्षरांत. कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडवर नेऊन, हेक्स निवडून ती टाकली की साधा आकडा मिळतो: २एफ८एफ म्हणजे १२१७५, सुरक्षित जोडणी जमली नाही. शेवटी २ईई७ असेल तर १२००७, सर्व्हरचा पत्ताच सापडला नाही, म्हणजे डीएनएसकडे, नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेकडे, बघा. ०४२२ असेल तर १०५८, लागणारी सेवा कुणीतरी बंद करून ठेवली आहे. हे बहुतेकदा 'संगणक वेगवान करा' छापाच्या उपयुक्त सॉफ्टवेअरचं काम. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट हेल्पएमएसजी १०५८' टाकलं तर विंडोज स्वतःच अर्थ सांगतं.

सुरक्षित जोडणी फसली, तर पहिला संशय तारखेवर घ्यायचा. खात्री करायला त्याच संगणकावर क्रोम उघडला, तर त्यानं एका ओळीत सांगून टाकलं की तुमचं घड्याळ मागे आहे. पाहा! जी गोष्ट ब्राउझर फुकटात सांगतो, ती सांगायला गेमच्या ॲपला लाज वाटते.

दरम्यान फोनवर त्याच कंपनीच्या मोबाइल ॲपमध्ये मदतीची चॅट उघडलेली होती, कारण पाटीखाली 'मदत घ्या' असं एकच बटण होतं आणि संगणकावर ते चालत नव्हतं. चॅटवर माणूस होता की यंत्र, मला शेवटपर्यंत कळलं नाही. टायपिंगच्या चुका करत होता, म्हणून माणूस धरून चालू.

'नमस्कार सर. आपली गैरसोय मी समजू शकतो. एरर कोड सांगाल का?'

सांगितला. एकेक अक्षर नीट.

'धन्यवाद सर. हा कोड माझ्या यादीत नाही. ॲपची कॅशे साफ केलीत का?'

'कॅशेचा संबंध नाही. संगणकाची तारीख मागे गेलीये. तेवढं तुमच्या नोंदीत लिहा, म्हणजे पुढच्याला त्रास होणार नाही.'

'नक्की सर. कॅशे साफ केलीत का?'

केली, असं सांगितलं. यादी पुढे सरकावी म्हणून माणूस काय काय कबूल करतो!

'उत्तम सर. आता गेम अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करा.'

'गेम ९० जीबीचा आहे. आणि गेमचा काय दोष? साइन-इन ॲपमध्ये होत नाहीये. साइन-इनचा पुरावा, म्हणजे टोकन, ॲप ठेवतं, गेमच्या फोल्डरमध्ये ते नसतंच.'

'बरोबर सर. इन्स्टॉल व्हायला किती वेळ लागेल असं आपल्याला वाटतं? मी थांबतो.'

हा थांबायला तयार होता, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी नकार दिला. मग बराच वेळ ते तीन ठिपके नाचत राहिले आणि शेवटी उत्तर आलं:

'सर, मी आपलं खातं तपासलं. आपण आधीच साइन-इन आहात.'

'कुठे?'

'आत्ता. हिरवा ठिपका दिसतोय.'

'तो माझा फोन आहे. त्याच फोनवरून मी तुमच्याशी बोलतोय.'

'म्हणजे आपण साइन-इन आहात.'

'फोनवर आहे. संगणकावर नाही. तक्रार संगणकाची आहे.'

'सर, आपलं म्हणणं आहे की संगणकावर आपण नाही आहात.'

'हो.'

'आणि फोनवर आहात.'

'हो, हो.'

'म्हणजे एकाच खात्यावर दोन ठिकाणांहून प्रयत्न होत आहेत. त्यांतला एक फसतो आहे.'

'तो फसणाराही मीच.'

'याची खात्री आम्ही करू शकत नाही सर. आपल्या सुरक्षिततेसाठी खातं २४ तास'

वाक्य इथेच तुटलं. खातं गोठलं तशी सगळ्या उपकरणांवरची सेशन्स रद्द झाली. फोन त्यांतच आला आणि फोनबरोबर चॅटही. स्वतःचं वाक्य पूर्ण करायच्या आत त्यानं स्वतःलाच बाहेर काढलं.

सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट अशी की हिरव्या ठिपक्यातच उत्तर होतं. फोनवर तेच खातं, तोच पासवर्ड चालतोय, म्हणजे खातं ठीक आणि सर्व्हरही ठीक, उरतो संगणक. साइन-इन अडलं की सगळ्यात आधी हेच करावं: दुसऱ्या उपकरणावर, शक्य तर दुसऱ्या नेटवर्कवर, तेच खातं लावून बघावं. तिथेही अडलं तर संगणकाच्या वाटेला जाऊ नये. लॉगमध्ये सर्व्हरचं तीन आकडी उत्तर असेल तर तेही बघावं. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४२९ म्हणजे फार वेळा दार वाजवलंत, ५०३ म्हणजे सर्व्हरच सध्या सेवा देऊ शकत नाही. चारशेच्या घरात बहुधा दुखणं आपल्या बाजूला, पाचशेच्या घरात त्यांच्या. २०१४ च्या नाताळात एक्सबॉक्स लाइव्ह आणि प्लेस्टेशन नेटवर्क हल्ल्यामुळे आडवे झाले, तेव्हा कुणी आपला राउटर कितीही वेळा बंद-चालू केला असता तरी काही होणार नव्हतं. आणि ४२९ दिसत असताना पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकणं म्हणजे स्वतःची शिक्षा स्वतःच वाढवणं.

आता तारीख मागे का गेली? मदरबोर्डवर एक बटण-सेल असतो, सीआर२०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, नाव त्यावरूनच पडलंय. तीन व्होल्टचा हा सेल संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवतो आणि काही वर्षांनी मरतो. मेलेला कळतही नाही, कारण भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत पॉवर सप्लाय घड्याळाला वीज पुरवत राहतो. स्विच बंद झाला की संगणक दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी जुन्या वर्षात जागा होतो. सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हर आपलं प्रमाणपत्र, म्हणजे मुदत असलेलं डिजिटल ओळखपत्र, पुढे करतो, संगणक त्यावरची तारीख वाचतो आणि म्हणतो की हे अजून लागूच झालेलं नाही. चूक कोणाचीच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये अशा प्रमाणपत्रांची मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आली आणि टप्प्याटप्प्यानं २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर यायची आहे. म्हणजे पुढे घड्याळ दोनच महिने मागे गेलं, तरी दार बंद.

दुरुस्ती करताना एक मेख आहे. 'तारीख आणि वेळ' मध्ये जाऊन 'आत्ता सिंक करा' दाबणं हा सरळ उपाय. कमांडवाल्यांसाठी डब्ल्यू३२टीएम /रीसिंक. पण घरगुती विंडोजमध्ये घड्याळ १५ तासांहून जास्त चुकलेलं असेल, तर ठरीव सेटिंगप्रमाणे वेळेची सेवा ते सुधारायला नकार देऊ शकते. सर्व्हरच खोटं बोलत असेल, असा तिचा संशय. म्हणून आधी स्वयंचलित वेळ बंद करून तारीख हातानं जवळपास आणायची, टाइम झोन तपासायचा आणि मग सिंक करायचं. त्यानंतर ॲप पूर्ण बंद करून उघडायचं. घड्याळाजवळच्या छोट्या चित्रांत ते लपून चालू असतं, तिथूनही हाकलायचं. तरी हटून बसलं तर कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोज पासवर्ड साठवतं तिथे, ॲपच्या नावाच्या जुन्या नोंदी काढून टाकायच्या.

सेल बदलताना केबल काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरायचं, धातूला हात लावायचा, बाजूची चिमटी हलकेच दाबायची की सेल वर येतो. बहुतेक बोर्डांवर नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसतो. लॅपटॉपमध्ये बरेचदा तो वायरला जोडलेला असतो, तिथे उगाच ओढाताण नको. नंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, तारीख घालून बाकीची सेटिंग्जही बघायची, कारण ती मूळपदावर गेलेली असू शकतात. त्यांतली सिक्युअर बूट किंवा टीपीएम ही सुरक्षेची सोय बंद झाली तर विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारखा गेम सुरू व्हायला नकार देतो आणि आपण परत एका वेगळ्याच पाटीसमोर बसतो.

हे सगळं माझं केव्हाच झालं. सेल नवा, तारीख आजची, क्रोम खूश. संगणकाची काहीच तक्रार उरलेली नाही.

उरलंय ते गोठवलेलं खातं. त्याबद्दल मेल आलीये: 'आम्हाला संशयास्पद हालचाल आढळली. हे तुम्हीच होतात का?' खाली दोन बटणं. 'होय, मीच' दाबलं की पान उघडतं: 'पुढे जाण्यासाठी साइन-इन करा.' 'नाही, मी नव्हतो' दाबलं तर नवा पासवर्ड आणि मुदत आणखी २४ तास. खरं बोलून आत जाता येत नाही आणि खोटं बोललं तर शिक्षा दुप्पट. खातं चालू असतानाच रिकव्हरी कोड कागदावर उतरवून ठेवावेत. ते हरवलेल्या फोनवर आणि दुसऱ्या टप्प्याच्या न मिळणाऱ्या कोडवर उपाय म्हणून चालतात. मदतनीसावर चालत नाहीत.

आणि गेम कुठला, तर एकट्यानं खेळायचा. समोर कुणी माणूस नाही, मागे कुणी नाही, गुणांची यादी नाही. ९० जीबी माझ्याच डिस्कवर पडलेत. ऑफलाइन मोड आहे, जाहिरातीत ठळक आहे. तो चालू करायला आधी एकदा ऑनलाइन साइन-इन व्हावं लागतं.