दादा, अमेरिकेचा दाखला देऊ नका

राज्यातल्या सात-आठ नामांकित विद्यापीठांचीच एक लीग काढावी, सगळे सामने पुण्या-मुंबईत घ्यावेत, प्रक्षेपणाचे हक्क ओटीटीवाल्यांना विकावेत आणि उरलेल्यांनी पात्रता फेरी खेळून वर यावं, असा एक मसुदा सध्या आमच्या जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप गटात फिरतो आहे. लिहिणारे आमच्या अमरावती विद्यापीठाच्या खो-खो संघाचे तेव्हाचे मॅनेजर. आम्ही सगळ्या त्यांना दादाच म्हणतो. ‘अश्वमेध’ या राज्याच्या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवात झाडून सगळी विद्यापीठं घेतात, म्हणून त्या स्पर्धेला प्रेक्षक नाही, असं त्यांचं म्हणणं. वाद वाढला तेव्हा त्यांनी लिहिलं, “अमेरिकेत कॉलेजच्या खेळावर अब्जावधी डॉलर येतात ते असंच करून. आपली एक पोरगी तिकडेच आहे, विचारा तिला.” विचारलं कोणीच नाही आणि माझं नाव मात्र पुरावा म्हणून लागलं. म्हणून हे लिहिते.

मी ओरेगनमध्ये कोर्व्हालिसला राहते. गाव लहान, विद्यापीठाभोवती वाढलेलं. १९१५ साली पोर्टलंडमध्ये चार विद्यापीठांनी मिळून पश्चिम किनाऱ्याची कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, स्थापन केली. त्या चारांत आमचं ओरेगन स्टेट होतं. तेव्हा ते शेतकी कॉलेज होतं. ती कॉन्फरन्स मध्ये एकदा मोडली, पुन्हा जुळली, नावं बदलत शेवटी पॅक-१२ झाली. दरवर्षी कोणाशी खेळायचं, कोणाच्या स्पर्धेचा विजेता थेट राष्ट्रीय फेरीत जाणार आणि टीव्हीचे पैसे कसे वाटायचे, हे सगळं कॉन्फरन्स ठरवते. त्यामुळे तिचं सदस्यत्व हे विद्यापीठाच्या खेळाचं रेशनकार्डच.

३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जात असल्याचं जाहीर केलं. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरांहून मोठा. पुढच्या उन्हाळ्यात कोलोराडोही आमची कॉन्फरन्स सोडून दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेलं. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात ओरेगन (आमच्या ओरेगन स्टेटहून वेगळं, शेजारचं), वॉशिंग्टन, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा अशी पाच गेली. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली यांना अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये प्रवेश मिळाला. दोन्ही पॅसिफिकच्या बाजूची, आणि पत्ता अटलांटिकचा! मागे उरलो आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेट.

दादा, तुमच्या मसुद्यातलं “गुणवत्तेवर निवड” हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं. २०२२ च्या (अमेरिकन) फुटबॉल हंगामात ओरेगन स्टेटने दहा सामने जिंकले, तीन हरले. शेजारच्या ओरेगनला ३८-३४ ने हरवलं, लास व्हेगास बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात फ्लोरिडाला ३०-३ ने. त्याच हंगामात कोलोराडो एक सामना जिंकलं आणि अकरा हरलं. मोठ्या कॉन्फरन्समध्ये जागा कोणाला मिळाली? कोलोराडोला. कारण त्यांच्याकडे डेनव्हरची टीव्ही बाजारपेठ होती आणि डिऑन सँडर्स हा प्रशिक्षक आल्यापासून कॅमेरे त्यांच्या मागे होते. आमच्याकडे विलमेट खोऱ्यातला पाऊस आणि गवताच्या बियाण्याची शेती. मैदानावर हरून बाहेर पडलो असतो तर मी एक शब्द बोलले नसते. हरणं खेळाडूला शिकवलेलं असतं.

हे एका रात्रीत झालं नाही. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचं प्रक्षेपण एनसीएए या कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संस्थेच्या हातात होतं आणि एका संघाने टीव्हीवर किती वेळा यायचं याला मर्यादा होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था मोडून काढली. तेव्हापासून ज्याचं नाव मोठं तो आपला माल स्वतः विकायला मोकळा झाला. त्यावर उपाय म्हणून आमच्या कॉन्फरन्सने २०१२ मध्ये पूर्ण स्वतःच्या मालकीची वाहिनी काढली. तीही डायरेक्टटीव्ही या मोठ्या उपग्रह टीव्ही कंपनीवर कधी दिसलीच नाही आणि जून २०२४ च्या अखेरीस बंद पडली. फुटाफुटीच्या वेळी प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी ॲपलचा प्रस्ताव होता, पण त्यात हमीची रक्कम कमी आणि बाकी सगळं वर्गणीदार किती मिळतील त्यावर. एका सकाळी तो बाजूला पडला. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर अटलांटिक कॉन्फरन्सच्या सदस्यत्वासाठी नऊ वर्षं टीव्हीच्या पैशांवर पाणी सोडलं. कॅमेऱ्यासमोर उभं राहण्यासाठी माणसं काय मोजतात, याची कल्पना यावी म्हणून सांगते.

मला सगळ्यात जवळचा मुलींचा बास्केटबॉल. मार्च २०२४ मध्ये आमच्या मुलींना तिसरं मानांकन मिळालं आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या दोन फेऱ्या इथेच, गिल कोलिझियमला झाल्या. चारही गटांतल्या पहिल्या चार-चार मानांकितांना घरचं मैदान मिळतं. आजी, आई, नात अशा तिन्ही पिढ्या नारिंगी शर्ट घालून आल्या होत्या. ईस्टर्न वॉशिंग्टनला हरवलं, नेब्रास्काला हरवलं, पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत नोत्र दामला हरवून शेवटच्या आठांत गेल्या आणि साउथ कॅरोलिनासमोर थांबल्या. काही आठवड्यांत तो संघ संपला. टॅलिया फॉन ओएलहोफेन यूएससीला गेली, रेगन बीअर्स ओक्लाहोमाला, टिमिया गार्डिनर यूसीएलएला. पुढच्या वर्षी उरलेल्या आणि नव्या मुली वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये पाहुण्या म्हणून खेळल्या, चौथ्या मानांकनावरून ती स्पर्धा जिंकल्या आणि राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना चौदावं मानांकन मिळालं. चौदाव्याला घरचं मैदान नसतं. नॉर्थ कॅरोलिनाच्या अंगणात जाऊन त्या हरल्या.

गेलेल्या मुलींवर माझा राग नाही. इथे पुष्कळांचा आहे, ऑफिसात मी त्यावरून भांडलेही आहे. वीस-बावीस वर्षांच्या मुलीने चांगला संघ, चांगले पैसे, जास्त प्रेक्षक शोधले तर तिला स्वार्थी म्हणणं मला जमत नाही. मी तेच केलं आहे. अमरावतीहून पुण्याला, पुण्याहून इथे. तेव्हा मला कोणी “आपल्या मातीचं काय” असं विचारलं की मी तिरकी उत्तरं द्यायचे आणि आजही देईन. माझ्या पगारातून घरचं छप्पर झालं, भावाचं शिक्षण झालं. माणसाला जाण्याचा हक्क आहे. पण विद्यापीठ म्हणजे माणूस नव्हे. ते राज्याच्या जमिनीवर उभं असतं, त्या राज्यातल्या लोकांच्या करावर आणि मायेवर वाढतं. ओरेगन विद्यापीठ इथून साठ-पासष्ट किलोमीटरवर युजीनला आहे. दोन्ही एकाच राज्याची लेकरं, १८९४ पासून एकमेकांशी फुटबॉल खेळणारी. त्यातल्या एकाने निम्म्याच्या आसपास वाट्यावर बिग टेनमध्ये उडी घेतली आणि दुसऱ्याला फोनवर निरोप. आता युजीनच्या व्हॉलीबॉलच्या मुली कॉन्फरन्सच्या सामन्यासाठी न्यू जर्सीला जातात, चार हजार किलोमीटरांच्या आसपास, आणि परत येऊन परीक्षा देतात. टीव्हीचा करार फुटबॉलसाठी झाला. विमानात बसायची वेळ त्यांच्यावर आली.

आणि आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही, हेही सांगायला हवं. या स्तरावर कॉन्फरन्स टिकवायला किमान आठ सदस्य लागतात आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळते. त्या मुदतीत ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटने माउंटन वेस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्समधून बॉइसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोराडो स्टेट आणि युटा स्टेट ओढून आणली. गोंझागा आणि टेक्सस स्टेटनेही यायचं ठरवलं. नव्या पॅक-१२ साठी १ जुलै २०२६ ही तारीख ठरली. गावात आनंद झाला, मलाही झाला. पण वायोमिंग आणि न्यू मेक्सिको मागे राहिली. वायोमिंगच्या लॅरमीसारख्या विद्यापीठाच्या गावात माझ्यासारखी कोणीतरी असेलच आणि तिला आमच्याबद्दल तेच वाटत असेल जे मला युजीनबद्दल वाटतं. एकदा बाजाराने सदस्यत्व ठरवायला सुरुवात केली की कोणालाच हात स्वच्छ ठेवता येत नाहीत. दादांच्या मसुद्यात याचा विचार मला कुठे दिसला नाही.

जागेचंही तेच. पॅक-१२ ची बास्केटबॉल स्पर्धा लास व्हेगासला व्हायची. नेव्हाडा राज्यातलं एकही विद्यापीठ त्या कॉन्फरन्समध्ये नव्हतं. हॉटेलं भरपूर, विमानं स्वस्त, पडद्यावर झगमगाट दिसतो, म्हणून तिथे. आपल्याकडे २०२५ मध्ये प्रो कबड्डीचा बारावा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाला. पुणेरी पलटण अंतिम फेरीपर्यंत गेली, यू मुंबाही त्याच लीगमधला संघ, आणि महाराष्ट्रात एकही सामना नाही. त्यावरून गटात केवढा संताप झाला होता! दादाच सर्वांत पुढे होते. तोच अन्याय ते आता यवतमाळ-बुलढाण्याच्या मुलींवर करायला निघाले आहेत, फक्त मुंबईच्या बाजूने उभं राहून.

अमरावतीच्या माणसाने हे म्हणावं याचं मला जास्त वाईट वाटतं. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं गाव आहे ते, १९१४ पासूनचं. बर्लिनला १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवणारी माणसं तिथली. आमचं विद्यापीठच १९८३ मध्ये नागपूरपासून वेगळं झालं, ते नागपूरच्या सावलीत आपल्याला जागा मिळत नव्हती म्हणून. वेगळं झालं म्हणून माझ्यासारखी मुलगी कलर होल्डर झाली, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळली. नागपूरच्या संघात मी बदली खेळाडू म्हणूनही बसले नसते, हे दादांना पक्कं ठाऊक आहे. झोनलला जाताना जनरलच्या डब्यात बॅगांवर बसून गेलो, वसतिगृहाच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर झोपलो, टीएडीए महिने महिने मिळाला नाही. तरीही छातीवर जिल्ह्याबाहेरच्यांना माहीत नसलेल्या विद्यापीठाचं नाव होतं आणि समोर पश्चिम विभागातलं कोणीही उभं असो, नाणेफेक बरोबरीची होती.

विदर्भाने तर हा अनुभव मोठ्या पातळीवर घेतला आहे. क्रिकेट मंडळाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या लोढा समितीच्या “एक राज्य, एक मत” या सूत्राने मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तीन क्रिकेट संघटनांना मिळून एकच मत उरलं होतं. ते सूत्र लागू असतानाच, जानेवारी २०१८ च्या पहिल्या दिवशी, विदर्भाने इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही मत परत दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा रणजी, २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. “एका राज्यात तीन संघ कशाला” म्हणणाऱ्या शहाण्यांचं ऐकून तिथेही एकच संघ ठेवला असता तर यातला एकही करंडक नागपुरात आला नसता.

अमेरिकेकडून घ्यायचंच असेल तर घेण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते आपल्याकडे कोणी घेत नाही, याचा मला खरोखर राग येतो. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने मुलींच्या खेळाला मुलांच्या बरोबरीची संधी द्यावीच लागली. इथल्या मुलींना फिजिओ आहे, अभ्यासाला शिकवणी आहे, स्वच्छ चेंजिंग रूम आहे. आम्ही झाडाआड दुपट्टे धरून कपडे बदलले. आपल्या क्रीडा संचालकांच्या बैठकांत यावर एक तास चर्चा होत असेल तर मला कळवा. टीव्हीचे हक्क विकायची घाई त्याआधी कशाला?

माझं बोलणं इकडच्या माणसाचं झालं आहे, असं मला गटात नेहमी ऐकवतात. झालं असेल. शनिवारी मी रीसर स्टेडियमवर असते, ओळखीची माणसं हाक मारतात, कोर्व्हालिसला कोणी नावं ठेवली की मला लागतं. ती दहा विद्यापीठं गेली तेव्हा मी जेवढी रडले तेवढी इथे आल्यावर पहिल्या दिवाळीलाही रडले नव्हते. इथल्या लोकांना माझं रडणं थोडं चमत्कारिक वाटलं, त्यांच्या मते हा त्यांच्या आजोबा-पणजोबांचा मामला. आणि गटातल्या लोकांना वाटतं, अमरावतीचा मामला आता माझा नाही. दोन्हीकडे माझं मत मागायचं ते फक्त दाखल्यापुरतं. म्हणून दाखला नीट देते आहे.

गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झालं, चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी. मसुद्याप्रमाणे त्यांच्या मुलींनी पात्रता फेरी खेळायची. त्या जिंकून आल्या आणि त्यांनी खो-खोत मुंबईला किंवा पुण्याला हरवलं, तर पुढच्या वर्षी पात्रता फेरीत मुंबई किंवा पुणे उतरणार का? दादांनी एवढं एक कलम आधी लिहून गटात टाकावं.