निम्मी लाकडं मसणात, एक बॅगेत

पन्नाशी उलटली की माणसाची निम्मी लाकडं मसणात गेली असं आपल्याकडे म्हणतात. माझी गेली असतीलही, पण त्या हिशोबात एक जास्तीचं लाकूड मी स्वतःच्या पैशाने विकत घेऊन घरी आणलंय, त्याला फेअरवे वुड म्हणतात, म्हणजे गोल्फमध्ये जमिनीवरचा बॉल लांब मारायची काठी, आणि त्याच्यापायी गेले आठ महिने माझं रविवार सकाळचं वाटोळं चाललंय.

घरी आणलं त्या दिवशी बायकोने उलटंपालटं करून बघितलं. "अहो, वुड ना हे? मग लाकूड कुठाय यात?" प्रश्न रास्त होता. डोकं स्टीलचं, दांडा ग्रॅफाइटचा, वर लोकरी टोपडं. मी म्हटलं अगं पूर्वी हे डोकं पर्सिमनच्या लाकडाचं असायचं, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या भावकीतलंच झाड, जिच्या पानांच्या विड्या वळतात ती टेंभुर्णी, मग १९७९ मध्ये टेलरमेड कंपनीने धातूचं डोकं काढलं आणि हळूहळू लाकूड गेलं, नाव तेवढं राहिलं. "म्हणजे वाडा पाडून सात मजले चढवले तरी पाटी वाड्याचीच," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. एवढं सोपं करून मला कुठल्या कोचने कधी सांगितलं नाही.

तर खरेदीची गोष्ट. हल्ली नुसतं दुकानात जाऊन काठी उचलून आणायची नसते, फिटिंग करायचं असतं, शेरवानीसारखं. एका बंद खोलीत हिरवी मॅट, समोर पडदा, बाजूला मशीन आणि माझ्या मुलापेक्षा लहान एक पोरगा टॅब घेऊन उभा. मी जीव खाऊन मारला. पोरगा म्हणाला, सर स्पीड ७८ मैल. म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर! एक्स्प्रेसवेवर याच्यासाठी चलान आलं असतं. मी कॉलर ताठ केली तर तो म्हणतो कसा, "थोडा स्लो आहे सर, सीनियर फ्लेक्स शाफ्ट बघूया का?" म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा जरा लवचिक दांडा. सीनियर! माझ्या तोंडावर! मी म्हटलं रेग्युलर दे. मग तो म्हणाला ३ वुडपेक्षा ५ किंवा ७ घ्या, ३ चा लॉफ्ट, म्हणजे डोक्याचा तिरपेपणा, १५ अंश, ७ चा २१, तुमच्या स्पीडला बॉल सहज वर जाईल. त्याने हेही सांगितलं की डस्टिन जॉन्सनने २०२० चं मास्टर्स, म्हणजे गोल्फमधली मानाची स्पर्धा, जिंकलं तेव्हा त्याच्याही बॅगेत ७ वुड होता. पण आमच्या ग्रुपमध्ये ७ वुड म्हणजे सायकलला साइड व्हील लावल्यासारखं समजतात, आणि मला चारचौघांत तोंड दाखवायचं होतं. घेतला ३. पडद्यावर १९० यार्ड जात होता की हो, सरळ!

आता हे कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं की मॅट खोटं बोलते. मॅटवर बॉलच्या दोन इंच मागे जरी आपटलात तरी काठी घसरत पुढे जाते आणि बॉल बरा उडतो. गवतावर तशीच आपटलीत तर काठी तिथेच रुतते, मातीचा ढेकूळ बॉलच्या पुढे जातो आणि मनगटातून जी कळ निघते ती थेट खुब्यापर्यंत. पहिला फटका मारायच्या ड्रायव्हरला निदान टी असते, बॉल उंच ठेवायची खुंटी. इथे बॉल जमिनीला चिकटलेला, दांडा ४३ इंच लांब, आणि काठीचा चेहरा इतका बसका की वरून बघताना वाटतं हा कसला बॉल उचलतोय, आपणच मदत केली पाहिजे. ती मदत करायला गेलं की संपलं. अंग मागे झुकतं, काठी वर येता येता बॉलच्या टाळक्याला लागते, आणि बॉल सशासारखा गवतातून पळत सुटतो. उचलायचं काम लॉफ्टचं, आपण फक्त झाडू मारल्यासारखी काठी गवतावरून न्यायची, हे मला पाठ आहे. सत्यनारायणाच्या कथेसारखं पाठ आहे. उपयोग तितकाच.

आणि नियमाप्रमाणे बॅगेत १४ च काठ्या चालतात. म्हणजे हा आला तर कुणीतरी जायला हवं. मी हायब्रिड काढली, वुड आणि लोखंडी काठीच्या मधली. जी एकुलती एक काठी माझं ऐकायची, ती आता माळ्यावर गौरीच्या मुखवट्यांच्या डब्याशेजारी आहे.

आमचे कॅडी मामा तीस वर्षं बॅगा उचलतायत. त्यांनी टोपडं काढून काठी बघितली, सूर्याकडे धरली, आणि एवढंच म्हणाले, "भारी दिसतीय." मामांच्या भाषेत याचा अर्थ वापरू नका असा होतो. त्यानंतर दर वेळी मी वुड मागितला की मामा आधी बॉलकडे बघतात, मग माझ्याकडे, मग आभाळाकडे. "साहेब, सात नंबर मारा, मग वेज मारा, बोगी घ्या आन गप पुढं चला." सात नंबर म्हणजे आखूड लोखंडी काठी, वेज त्याहून आखूड, आणि बोगी म्हणजे पारपेक्षा, ठरलेल्या फटक्यांपेक्षा, एक जास्त. कुणाच्या बापाला बोगी घ्यायचीय? मी त्यांना जुन्या जमान्यातल्या गोल्फर जीन साराझेनची गोष्ट सांगितली. १९३५ चं मास्टर्स, पंधरावं होल, पार पाच, २३५ यार्ड बाकी, पठ्ठ्याने ४ वुड काढला आणि दुसऱ्याच फटक्यात बॉल थेट होलमध्ये! तीन फटक्यांची पिछाडी एका झटक्यात भरून काढली, दुसऱ्या दिवशी प्लेऑफ जिंकला, आणि हरला कोण तर क्रेग वुड. लाकडाने वुडलाच पाडला. मामांनी सगळं ऐकून घेतलं. "त्याचा कॅडी कोन होता?" एवढंच विचारलं.

परवा अठरावं होल. पार पाच, ड्राइव्ह कधी नव्हे तो मधोमध, ग्रीनला, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला, २०५ यार्ड. मी वुड मागितला. पुढचा ग्रुप अजून ग्रीनवर होता. मित्र म्हणाला मार रे, तुझा काय तिथवर जातोय. मी म्हटलं नाही, लागला तर कुणाच्या तरी डोक्यात बसेल. थांबलो. पुढच्यांपैकी एकाने होलकडे हळूच ढकलायचे चार पुट केले. मागे दुसरा ग्रुप येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. एवढं होईस्तोवर माझ्या मनात बॉल तीनदा ग्रीनवर पडला होता.

मामांनी काठी माझ्या हातात दिली आणि बॅग खांद्याला मारून पुढे निघाले. एरवी लांब फटका असला की ते पार ग्रीनच्या जवळ जाऊन उभे राहतात, बॉल हरवू नये म्हणून. आज चाळीस पावलांवर थांबले. जरा डावीकडे, झाडाच्या आडोशाला. विडी पेटवली.

ग्रीन रिकामं झालं. मी श्वास सोडला, झाडू, झाडू म्हणत मारला.

बॉल गवतातून पळत पळत गेला आणि मामांच्या सावलीत जाऊन थांबला. त्यांनी विडी चपलेखाली विझवली. सात नंबर त्यांनी आधीच काढून ठेवला होता.