विधवा लिहिलंय म्हणून नवरा मेलाच होता असं नाही

वंशावळ शोधण्यावरच्या लेखात म्हटलंय दोन जुन्या कागदांतली माहिती एकमेकांशी भांडली की त्यातला जास्त जुना तो खरा धरायचा, हे काही पटलं नाही बुवा. इंग्लंडहून अमेरिकेत वस्ती करायला निघालेल्या लोकांच्या मेफ्लॉवर जहाजावरच्या स्टीफन हॉपकिन्सचंच बघा ना. कित्येक वर्षं तो ग्लॉस्टरशरमधल्या वॉर्टलीचा आणि बायको कॉन्स्टन्स डडली असं सगळ्या वंशावळीत कॉपीपेस्ट होत होतं, आणि 1998 मध्ये हॅम्पशरमधल्या हर्स्ली गावच्या चर्चच्या वहीत एलिझाबेथ, कॉन्स्टन्स, जाइल्स या पोरांचे बाप्तिस्मे सापडले, बायको निघाली मेरी. आता गंमत अशी की 1613 मध्ये मेरी गेली तेव्हाच्या मालमत्तेच्या यादीत तिला चक्क विधवा लिहिलंय!! जुना कागद म्हणून हाच धरला तर 1620 ला मेफ्लॉवरवर चढलेला स्टीफन कोण मग? पण तो 1609 ला सी व्हेंचर जहाजावरून व्हर्जिनियाला निघालेला, वाटेत बर्म्युडाला जहाज फुटलं, गावाला काय खबर असणार, धरला असेल मेलेला. म्हणजे यादी करणाऱ्यांना मेरीचं मरण, घरातलं सामान हे समोर दिसत होतं, नवऱ्याचं मात्र ऐकीव, एकाच कागदातल्या दोन गोष्टींना सारखं वजन कसं देणार?

आणि हो, तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष 25 मार्चला लागायचं, त्यामुळे जाइल्सचा बाप्तिस्मा 30 जानेवारी 1607 असा दिसला तरी आपल्या हिशेबाने ते 1608 आहे, लोक उगाच एका पोराची दोन पोरं करून ठेवतात.