‘प्राणी जातील दुसरीकडे’ हे उत्तर वर्गात चालणार नाही

शिक्षकांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. हवामान बदललं तर प्राणी-वनस्पती सोयीच्या जागी जातील, निसर्ग हे पूर्वीपासून करत आला आहे, मुलांना हे शिकवून उगाच घाबरवू नका, असं त्याचं म्हणणं.

आधी ‘जातील’. एखादा जीव उठून निघत नाही. प्रजाती जिथे आढळते त्या प्रदेशाच्या उष्ण कडेला पिल्लं कमी जगतात, थंड कडेला जरा जास्त, आणि पिढ्यांमागून पिढ्या प्रजातीच्या आढळाची सीमा हलते. दोन्ही कडा बरोबरीने हलतील असंही नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या ६७ जातींच्या बंबलबी (मधमाश्यांच्या कुळातल्या केसाळ) माश्यांच्या शतकभराच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१५ साली आला. दक्षिणेची कडा काही ठिकाणी ३०० किलोमीटरपर्यंत मागे हटली होती, उत्तरेची मात्र जवळपास तिथेच होती. प्रदेश सरकला नाही, आक्रसला.

डोंगरावर तर वाटच संपते. पेरूमधल्या सेरो दे पांतियाकोया या डोंगरधारेवर १९८५ साली पक्ष्यांची पाहणी झाली होती. २०१७ साली पुन्हा झाली तेव्हा बहुतेक प्रजाती वर सरकलेल्या दिसल्या आणि माथ्यालगतच्या काही सापडल्याच नाहीत. त्यांना आणखी वर जायला डोंगर उरला नव्हता.

‘पूर्वीपासून’ हे खरं आहे, पण अर्धवट. गेलं हिमयुग सरताना काही अंश तापमान वाढायला हजारो वर्षं लागली. आता दीडेकशे वर्षांत एका अंशाहून जास्त वाढलं, आणि मध्ये शेतं, रस्ते, शहरं उभी आहेत.

‘घाबरवू नका’ मला सर्वांत जास्त खटकतं. नीट शिकवलं तर मुलं घाबरत नाहीत, तपासायला लागतात. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानातल्या छोट्या सस्तन प्राण्यांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. सुमारे ९० वर्षांनी तिथेच फेरपाहणी झाली. २८ प्रजातींपैकी निम्म्यांच्या सीमा सरासरी ५०० मीटर वर गेल्या होत्या, बाकीच्यांच्या तशा गेल्या नव्हत्या. जुना आणि नवा असे दोन्ही नकाशे मुलांसमोर ठेवा. कोणती कडा हलली ते त्यांनाच शोधू द्या. ती खरंच हलली की नोंदी घेणारेच वाढले, हेही विचारा. निम्म्या प्रजाती तशा वर का गेल्या नाहीत, यावर तर अख्खा तास पुरणार नाही.